गाणी सगळी आहेत, वाजत एकही नाही : इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

दिवाळी उलटून चार दिवस झाले होते. रविवारी सकाळी साडेसातला काकांचा फोन. "अरे, उठलास का? गाणी सगळी दिसतायत, पण वाजत एकही नाही." मागून काकूंचा आवाज आला, "त्याला म्हणावं पोहे इकडेच खा."

काका आमच्या रामबागेतच, दोन गल्ल्या सोडून राहतात. नात्याने कोणी नाहीत, वडिलांचे मित्र, म्हणून काका. मी बँकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या एका कंपनीत आहे, त्यामुळे गल्लीतल्या रुसलेल्या प्रिंटरचा आणि हट्टी वायफायचा हक्काचा वैद्य मीच. हे दुखणं मात्र त्या जातीचं नव्हतं. ते निस्तरायला तीन आठवडे लागले, आणि त्यातले पहिले दोन दिवस मी जवळजवळ काहीही केलं नाही. ड्राइव्ह बदलल्यावर गाण्यांची लायब्ररी मोडणं तसं नेहमीचंच आहे. इथे त्याचे बहुतेक सगळे प्रकार एकाच घरात एकावर एक चढले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात काय होतं

काका विजेच्या खात्यातून निवृत्त झाले. गाण्याचं वेड कॉलेजपासूनचं. गायक अमीर खाँसाहेब १९७४ मध्ये गेले तेव्हा काका कॉलेजात होते. आपल्याच गावच्या माणसाला समोर बसून ऐकायचं राहून गेलं, ही त्यांची जुनी हळहळ. त्यानंतर मात्र त्यांनी काही राहू दिलं नाही. मालवा हाऊसवरून आकाशवाणीची जी काही गाण्याची प्रसारणं होत, त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर. कृष्णपुऱ्यात, नारायण बागेत कोणाच्या घरी बैठक असली की पिशवीत टेपरेकॉर्डर आणि चार कोऱ्या कॅसेटी. देवास इथून चाळीस किलोमीटरसुद्धा नाही, त्यामुळे कुमार गंधर्वांच्या गावाच्या फेऱ्या वेगळ्याच.

निवृत्तीनंतर त्यांनी या कॅसेटी कंप्यूटरवर उतरवायला घेतल्या. जेल रोडवरून एक जुना डेक दुरुस्त करून आणला, त्याची वायर कंप्यूटरला जोडली आणि रोज दुपारी एक बाजू. कॅसेट उतरवायला ती जेवढी वाजते तेवढाच वेळ लागतो, त्याला आडवाट नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पाऊण तास. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फायलीत सेकंदाला १,७६,४०० बाइट जातात. पाऊण तासाला ४७ कोटी ६२ लाख. प्रकरण घडलं तेव्हा अशा ३७१ कॅसेटी, म्हणजे ७४२ बाजू उतरवून झाल्या होत्या. शिवाय लोकांकडून आलेली, सीडीवरून घेतलेली एमपीथ्री गाणी. आयट्यून्समध्ये, म्हणजे गाणी वाजवायच्या आणि त्यांची यादी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये, एकूण ११,३८६ नोंदी.

फायलींना त्यांनी नावं दिली होती 'टेप ००१ अ', 'टेप ००१ ब', अशी. बाकी सगळं आयट्यून्सच्या रकान्यांत. एक नोंद तशीच उतरवतो: "पूरिया धनाश्री. विलंबित एकताल, मग तीनताल. रेडिओ. १७ मिनिटांनंतर लाइट गेली, पुढचं दुसऱ्या दिवशीचं आहे, सा वेगळा आहे." तारे त्यांनी आवडीसाठी दिलेच नव्हते, टेपच्या तब्येतीसाठी दिले होते. एक तारा म्हणजे नुसती खरखर, पाच म्हणजे स्वच्छ. आणि आठ प्रहरांच्या आठ याद्या. काकू त्यातली सकाळची यादी लावून पोळ्या करतात, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत.

काय घडलं होतं

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला होता. सॉफ्टवेअरमधलाच, हुशार, आणि मनापासून मदत करणारा. कंप्यूटरमधल्या एक टीबीच्या जुन्या डिस्कचा, म्हणजे डी ड्राइव्हचा, खडखड आवाज त्याने ऐकला आणि लगेच चार टीबीची बाहेरून जोडायची नवी डिस्क मागवली. इथपर्यंत त्याचं एकही पाऊल चुकलं नव्हतं. जुन्या डिस्कचा आवाज ऐकून मीही हेच केलं असतं.

मग त्याने डी ड्राइव्हवरचा 'संगीत' फोल्डर कट करून नव्या डिस्कवर पेस्ट केला, तोही थेट नाही, तर 'काकांचा सगळा बॅकअप दिवाळी' नावाच्या फोल्डरच्या आत आणखी एक 'जुन्या कंप्यूटरवरचं' नावाचा फोल्डर करून त्यात. मध्ये विंडोजने काहीतरी विचारलं, त्याने 'सगळ्यांना स्किप' म्हटलं. शेवटी जुनी डिस्क फॉरमॅट केली, काकांना फोटो ठेवायला मोकळी हवी म्हणून.

नव्या डिस्कला विंडोजने एफ हे अक्षर दिलं. आयट्यून्सला गाणी डी वर असल्याचं माहीत. त्यामुळे ज्या ओळीवर क्लिक करावं तिथे उद्गारचिन्ह, आणि 'मूळ फाइल सापडत नाही, शोधू का?' पुतण्याने एक-दोन शोधून दिल्या, मग कंटाळून अख्खा फोल्डर लायब्ररीत नव्याने टाकला. आणि इथे एक खोड नडली. गाण्यांचा ठरलेला फोल्डर सापडला नाही की आयट्यून्स आपल्या मूळच्या जागेवर, सी ड्राइव्हवर परत जातं. आणि 'नव्या फायली माझ्या फोल्डरात कॉपी कर' ही खूण चालू होती. सी म्हणजे २४० जीबीची छोटी एसएसडी, आत काही न फिरणारी डिस्क. अडीचशेच्या वर बाजू 'अननोन आर्टिस्ट' नावाच्या फोल्डरात जाऊन बसल्या आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरला. त्याने कॉपीची खूण काढली, उरलेलं टाकलं. आता प्रत्येक गाणं दोनदा: एक मेलेली ओळ, एक जिवंत. मेलेल्या ओळी त्याने वरून खाली पुसायला घेतल्या.

६१२ पुसून झाल्यावर काका मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझं लिहिलेलं कुठे गेलं?"

जिवंत ओळींत नुसतं 'टेप ००१ अ' होतं. पुढचे सगळे रकाने रिकामे.

गाणं एकीकडे, गाण्याची ओळख दुसरीकडे

एमपीथ्री फाइलच्या पोटात एक छोटा कप्पा असतो, त्यात रागाचं नाव, गायकाचं नाव, शेरा असं सगळं जातं. फाइल कुठेही न्या, ते सोबत येतं. पण वेव्ह फाइलमध्ये आयट्यून्स असं काही लिहीत नाही. तिथे रकान्यांत जे भराल ते फक्त आयट्यून्सच्या स्वतःच्या वहीत राहतं. ही वही म्हणजे एक फाइल, 'आयट्यून्स लायब्ररी', शेवटी आयटीएल. ती सी ड्राइव्हवर असते, गाण्यांच्या शेजारी नाही. तारे, किती वेळा वाजलं त्याची मोजणी आणि याद्या तर कुठल्याच फाइलच्या पोटात नसतात, सगळं या वहीत.

म्हणजे पुतण्याने हलवलं ते सुरक्षित होतं आणि पुसलं ते महत्त्वाचं होतं. मेलेली ओळ ही अडगळ नव्हती. काकांची सहा वर्षांची दुपार त्या ओळीत होती. उद्गारचिन्हाचा अर्थ एवढाच, की वहीत लिहिलेल्या पत्त्यावर घर सापडत नाही. अशा वेळी वही फाडून नवी लिहायची नसते, घराला जुना पत्ता द्यायचा असतो. नव्या ड्राइव्हवर गाणी नेणाऱ्या प्रत्येकाला 'पुन्हा अ‍ॅड कर' हा सल्ला आधी मिळतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांत वाईट सल्ला आहे.

पोहे समोर आले. वर शेव, जीरावण, लिंबू. काका खात नव्हते.

मी दोन गोष्टी केल्या आणि थांबलो. पहिली: आयट्यून्स बंद करून त्याचा सी वरचा फोल्डर, गाणी सोडून, पेन ड्राइव्हवर उतरवला. आयटीएल, सोबतची एक्सएमएल (तिचीच साध्या मजकुरातली नक्कल), आणि 'प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज' नावाचा एक आतला फोल्डर. सगळं मिळून शंभर एमबीसुद्धा नाही. दुसरी: विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती फॉरमॅट केलेली जुनी डिस्क 'ऑफलाइन' केली. रिकाम्या दिसणाऱ्या डिस्कवर विंडोज कधी काय लिहून ठेवेल याचा भरवसा नसतो, आणि त्या 'स्किप'चं मला खटकत होतं.

"मग आता?" काका.

"आता कोणी हात लावायचा नाही. बुधवारी येतो."

"काकूला सकाळी गाणं लागतं रे."

"रेडिओ आहे ना!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कुठली वही धरायची

'प्रीव्हियस' फोल्डरने वाचवलं. आयट्यून्सची नवी आवृत्ती आली की ते जुनी वही तारीख लावून तिथे ठेवून देतं. रोजची राखण नव्हे ही, फक्त आवृत्ती बदलताना. काकांकडे शेवटची अशी प्रत फेब्रुवारीतली निघाली. तिच्यात ११,३०२ नोंदी होत्या आणि ३३४ कॅसेटींच्या ६६८ बाजू, सगळ्या शेऱ्यांसकट.

आता दोन वह्या समोर. आजच्या वहीत टेप १ ते ३०६ चे शेरे पुसलेले, ३०७ ते ३७१ शाबूत, आणि वर दुहेरी ओळींचं तण. फेब्रुवारीच्या वहीत १ ते ३३४ शाबूत, ३३५ ते ३७१ नाहीतच. एकात ६१२ बाजूंची ओळख गेलेली, दुसऱ्यात ७४ ची, आणि ती ७४ पहिलीत आहेत. एकमेकींचं उणं दोघी भरून काढत होत्या. मी फेब्रुवारीची धरली. तिच्यामुळे नऊ महिन्यांतली मोजणी आणि बदललेले तारे जाणार होते. काकांना विचारलं तर म्हणाले, "मी किती वेळा ऐकलं ते मशीनने मला कशाला सांगायला पाहिजे?"

आजची एक्सएमएल हे इथे मोठं हत्यार. आयटीएल माणसाला वाचता येत नाही, पण एक्सएमएल हा साधा मजकूर आहे. पर्यायांत 'लायब्ररीची एक्सएमएल इतर प्रोग्रॅमना द्या' अशी खूण असेल तर आयट्यून्स ती आपोआप ठेवतं. काकांकडे ती खूण चालू होती, कशी ते त्यांनाही आठवत नाही. त्या एक्सएमएलमधून ७४ बाजूंचे शेरे मी एका तक्त्यात काढून ठेवले.

पत्ता परत देणं

बुधवारी संध्याकाळी मुख्य काम झालं, आणि खरं सांगायचं तर त्याला वीस मिनिटं लागली. नव्या डिस्कवर तो दोन फोल्डरांच्या पोटातला 'संगीत' बाहेर काढून अगदी वरच्या पातळीवर ठेवला. एकाच डिस्कवर हलवताना फायली जागच्या हलत नाहीत, फक्त नोंद बदलते, त्यामुळे साडेचारशे जीबी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. जुनी डिस्क ऑफलाइन असल्याने डी हे अक्षर मोकळं होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नव्या डिस्कचं एफ काढून डी दिलं. मग फेब्रुवारीची वही तारीख काढून मूळ नावाने जागेवर ठेवली. आयट्यून्स उघडलं. पर्यायांत गाण्यांचा फोल्डर सी वर गेलेला होता तो डी वर आणला, कॉपीची खूण काढली, आणि 'फोल्डर नीट लावून ठेव' ही खूणही बंद असल्याचं पाहून घेतलं. ती चालू असती तर आयट्यून्सने स्वतःच्या मनाने फायलींची नावं बदलली असती.

काकांनी 'टेप ११४ ब' वर दोनदा क्लिक केलं. पूरिया धनाश्री सुरू झाला. ते सतराव्या मिनिटापर्यंत ऐकत बसले, लाइट जाईपर्यंत.

ज्यांना अक्षर बदलणं शक्य नाही त्यांना दुसरे रस्ते आहेत. विंडोजमध्ये जुन्या जागी एक पोकळ फोल्डर ठेवून तो नव्या जागेकडे वळवता येतो, त्याला जंक्शन म्हणतात. आयट्यून्सला फरक कळत नाही. एक्सएमएलमधले पत्ते शोधा-आणि-बदला करून घेणारेही आहेत. मला तो रस्ता शेवटचा वाटतो. त्यात देवनागरी नावं टक्क्याच्या चिन्हांच्या रांगा होऊन बसतात, एकेका अक्षराला नऊ चिन्हं, आणि चूक झाली तर डोळ्यांना दिसत नाही.

नुक्ता

उद्गारचिन्ह आयट्यून्स आपणहून सगळीकडे लावत नाही. ओळीला हात लावाल तेव्हा ते जाऊन बघतं. म्हणून सगळं सापडलं की नाही ते त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मी वीसेक ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली: नव्या एक्सएमएलमधला प्रत्येक पत्ता घ्यायचा, डिस्कवर तिथे फाइल आहे का बघायचं. ११,३०२ पैकी ११,२०५ सापडल्या. ९७ नाहीत.

त्यातल्या ८८ एकाच फोल्डरातल्या, 'रागमाला'. गंमत म्हणजे फोल्डर उघडला तर फायली समोर होत्या. नाव तेच, स्पेलिंग तेच, आकार तोच. आयट्यून्स म्हणतं नाही, डोळे म्हणतात आहे. मी नाव कॉपी करून शोधलं, सापडेना. हाताने टाइप केलं, सापडलं. इथे मी चहा मागितला.

हा फोल्डर काकांना इथल्याच एका हिंदीभाषक मित्राने दिलेला. नावं हिंदीच्या वळणाने: 'गौड़ सारंग', 'मियाँ की तोड़ी'. आपण तोडी लिहितो, ते तोड़ी, खाली टिंब देऊन. कंप्यूटर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो, त्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. हा ड़ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तयार अक्षर आहे. आणि दुसरं म्हणजे साधा ड आणि त्याच्यामागून वेगळा नुक्ता. कागदावर दोन्ही एकच. कंप्यूटरला एक खूण आणि दोन खुणा. मित्राच्या फायलींत तयार अक्षर होतं. पुतण्याने नवी डिस्क यायच्या आधी हा फोल्डर ऐकायला म्हणून आपल्या जुन्या मॅक लॅपटॉपवर घेतला होता, आणि हलवाहलवीत तोच परत नव्या डिस्कवर टाकला होता. मॅकची जुनी फाइल व्यवस्था, एचएफएस प्लस, नाव लिहून घेताना असं तयार अक्षर फोडून ड आणि नुक्ता असं वेगळं करते. परत येताना ते पुन्हा जोडलं जात नाही, कारण युनिकोडच्या नियमात ड़, ढ़, क़, ख़, ज़, फ़ यांचं प्रमाण रूप हे फोडलेलंच आहे. विंडोज मात्र अक्षरांचे क्रमांक एकास एक जुळवतं. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. त्याच फोल्डरातल्या 'यमन', 'भूप', 'मारवा' यांना काही झालं नव्हतं. टिंब असलेल्याच तेवढ्या हरवल्या होत्या.

कळल्यावर उपाय सोपा होता. स्क्रिप्टला सांगितलं, वहीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव दोन्ही फोडून बघ. जुळलं तर डिस्कवरच्या फाइलला वहीतलं नाव दे. वही बदलायची नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम इथेही. काकांना हे सगळं समजावून सांगितलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे आपण बरोबर लिहितो. तोडीला टिंब कशाला?" हिंदीवाल्या मित्राला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. अर्धा तास चालला. निकाल लागला नाही.

गाडीतल्या पेन ड्राइव्हच्या एमथ्रीयू याद्यांमध्येही (गाण्यांच्या पत्त्यांच्या साध्या फायली) देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती, पण ते जुनं दुखणं. त्या कधीकाळी यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी जपणारी साठवण, न निवडता साठवल्या होत्या. नव्याने काढून दिल्या.

नऊ फायली

उरल्या नऊ. या खरोखर डिस्कवर नव्हत्या.

सगळ्या 'घरच्या बैठका' या फोल्डरातल्या. या कॅसेटी काकांच्या एका स्नेह्याने उतरवून दिल्या होत्या आणि त्याचा आयट्यून्सच्या रकान्यांवर विश्वास नव्हता. तो सगळं फाइलच्या नावातच लिही: राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कोणाचं घर, कोणत्या निमित्ताने, आणि पाऊस पडत होता की नाही. विंडोजमधले बरेच प्रोग्रॅम, फाइल एक्सप्लोरर धरून, पूर्ण पत्ता २६० खुणांच्या आत मागतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'कृष्णपुरा' आपल्याला चार अक्षरं दिसतात, विंडोजला नऊ. जुन्या जागी ही नावं जेमतेम मावत होती. 'काकांचा सगळा बॅकअप दिवाळी' आणि 'जुन्या कंप्यूटरवरचं' एवढं पुढे लागल्यावर नऊ फायली रेषेबाहेर गेल्या. विंडोजने विचारलं ते हेच होतं. स्किप केलेल्या फायली जुन्या डिस्कवरच राहिल्या, आणि मग ती डिस्क फॉरमॅट झाली.

पुतण्याला फोन केला. बिचारा थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी क्विक फॉरमॅट केलं होतं. फुल नाही." तेवढं एक वाक्य ऐकून मला हायसं वाटलं. क्विक फॉरमॅटमध्ये फिरत्या डिस्कवरचा मजकूर जागेवरच असतो, फक्त अनुक्रमणिका कोरी होते. एसएसडी असती तर आशा सोडायची वेळ होती, कारण ती मोकळ्या झालेल्या जागा आपणहून पुसायला घेते. आणि ही डिस्क रविवारपासून ऑफलाइन होती.

फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो अनुक्रमणिका बघतच नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपत जातो आणि वेव्हची सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतो. काढलेलं नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, त्याच डिस्कवर नाही. रात्रभर चालला. सकाळी सातशेच्या वर वेव्ह फायली, कारण हलवून नेलेल्यांचे अवशेषही तिथेच होते, आणि नावाच्या जागी नुसता आकडा. पाऊण-पाऊण तासाच्या सातशे फायली ऐकून ओळखायच्या म्हटलं तर दोन महिने.

वहीने पुन्हा मदत केली. आयट्यून्स प्रत्येक नोंदीसोबत फाइलचा आकार बाइटपर्यंत लिहून ठेवतं, आणि फाइल हरवली तरी तो आकडा राहतो. प्रत्येकाने स्टॉपचं बटन वेगळ्या क्षणी दाबलेलं असतं, म्हणून कोट्यवधी बाइटच्या दोन फायली नेमक्या सारख्या निघणं जवळजवळ अशक्य. नऊ आकडे शोधले. आठ जुळले. काकांनी आठही ऐकायला घेतल्या. मी नको म्हटलं होतं, बरं झालं त्यांनी माझं ऐकलं नाही. सात अखंड निघाल्या. आठवीत अकराव्या मिनिटाला तान अर्ध्यावर तुटली आणि एकदम रेडिओवरच्या बातम्या सुरू झाल्या. ती फाइल डिस्कवर तुकड्यांत पडलेली होती. फोटोरेकने पहिल्या तुकड्यापुढे शेजारचंच काहीतरी जोडलं. आकार बरोबर, आत दुसरंच. नववी मिळालीच नाही.

आठवी आणि नववी एकाच कॅसेटच्या दोन बाजू होत्या.

कॅसेट

ती कॅसेट काकूंनी शोधली. देवघराच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. लेबलावर निळ्या शाईत एकच शब्द, 'बहिणीकडे'. काकांच्या थोरल्या बहिणीच्या घरची बैठक, गाणारी ती स्वतः. आत्याबाई आता नाहीत.

डेकमध्ये घातली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. बाहेर काढून उजेडात धरली. मध्यभागी, जिथे फीत डेकच्या हेडला टेकते, तिथे पितळी पट्टीवर फेल्टचा एक छोटा तुकडा असतो. तो फितीला मागून दाबून धरतो. पट्टी होती, तुकडा गळून डब्याच्या तळाशी पडला होता, वाळलेल्या गोंदासकट. ही कॅसेट चिकटवलेली नव्हती, पाच स्क्रूंची होती, हे नशीब. काकांनी तशाच दुसऱ्या कॅसेटचे स्क्रू काढले. टेबलावर पांढरा रुमाल पसरला, हात धुऊन पुसले, दोन्ही चक्र्या फितीसकट उचलून नव्या खोक्यात ठेवल्या, फीत दोन्ही कोपऱ्यांतल्या रुळांवरून घेतली, झाकण लावलं. मी मोबाइलची बॅटरी धरून उभा. सत्तरीचा माणूस, हात जराही हलला नाही. मग पेन्सिल घालून सावकाश एक पूर्ण फेरी पुढे, एक मागे, म्हणजे फितीचे वळसे सैल होतात.

ड्राइव्ह, आयटीएल, नुक्ता, सगळं बाजूला पडलं होतं. डेकवरचा काटा हलला. आधी भांड्यांचा आवाज, कोणीतरी "दार लोटून घे गं" म्हणालं, मग तंबोरा.

पाऊण तास आणि पाऊण तास. काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या होत्या, मध्येच येऊन बसल्या.

त्या ७४ बाजूंचे शेरे तक्त्यातून स्क्रिप्टने भरता आले असते. काकांनी नको म्हटलं, वही घेऊन बसले आणि चार दुपारी एकेक चिकटवत गेले. जाता जाता तीन तारखा आणि एक ताल दुरुस्त केला. आयट्यून्सचा तो छोटा फोल्डर आता दर रविवारी रात्री आपोआप दुसऱ्या डिस्कवर जातो आणि एक प्रत पुण्याला पुतण्याकडे. वेव्हच्या प्रती फ्लॅकमध्ये करतो आहोत. आवाजात काही कमी होत नाही, जागा वाचते आणि शेरे फाइलच्या पोटात राहतात. आयट्यून्स फ्लॅक वाजवत नाही, म्हणून त्या प्रती फक्त ठेवणीच्या. डी हे अक्षर लिहिलेली चिठ्ठी नव्या डिस्कला चिकटवली आहे.

शेवटच्या दिवशी मी निघताना काका त्या कॅसेटची नोंद करत होते. स्नेह्याने दिलेलं सव्वादोनशे खुणांचं नाव त्यांनी पुसलं. 'टेप ३७२ अ' लिहिलं. शेऱ्यात बहिणीचं नाव, घर, साल. रागाच्या रकान्यात 'तोडी' टाइप केलं, माझ्याकडे बघितलं, आणि टिंब न देता एंटर दाबलं.